बेळगावच्या अंगणात रंग हवाय? आधी माती बघा, मग फूल

बेळगावच्या वडगाव उपनगरात घर बांधलं त्या वर्षी, टेम्पोतून झाडं विकत फिरणाऱ्या एका माणसाकडून मी एका दमात अकरा झाडं घेतली. सगळी फुललेली. लाल एक्झोरा, गुलाबी मुसेंडा, पॉइन्सेटिया, हायब्रीड जास्वंदी, एक अझालियासुद्धा. मृगाचा पाऊस नुकताच पडला होता, म्हटलं याहून चांगला मुहूर्त कुठला. दिवाळीला त्यातली चार उरली होती, आणि त्यातलीही एक्झोरा पिवळी पडून आज जाते की उद्या, अशी झाली होती. जांबोटीची मावशी फराळाला आली. अंगणात एक फेरी मारून म्हणाली, "झाडं चांगलीच होती की गं. जागा त्यांची नव्हे ही."

तिच्याकडे तीच एक्झोरा कुंपणभर लालभडक असते. उलट तिची बोगनवेल पावसाळाभर नुसता पाला वाढवत बसते, आणि तशीच बोगनवेल अथणीला माझ्या बहिणीच्या गच्चीवर एवढी फुलते की खालून भिंत दिसत नाही. जिल्हा एकच, घरं तीन, आणि तिन्ही घरांची झाडं वेगळी. हे कळायला मला चार पावसाळे आणि बरेच पैसे लागले. तुमचे वाचावेत म्हणून क्रमानं लिहिते.

१. आपण कुठल्या पट्ट्यात राहतो ते ठरवा

आपला जिल्हा पश्चिमेला सह्याद्रीच्या जंगलात सुरू होतो आणि पूर्वेला कोरड्या पठारावर संपतो. कणकुंबीच्या बाजूला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. बेळगाव शहरात साधारण १२०० ते १३००. अथणीकडे ५०० ते ६००. त्यामुळे "उष्ण हवेतली दहा फुलझाडं" अशी जी यादी सगळीकडे फिरते, ती इथे निम्मी चुकते. कुठली निम्मी, ते तुमचं गाव ठरवतं.

ढोबळ तीन पट्टे धरा. घाटाकडचा म्हणजे खानापूरचा पश्चिम भाग, जांबोटी, कणकुंबी. तांबडी माती, खाली जांभा, पाऊस धो धो. पलीकडच्या चंदगडवाल्यांनीही हाच पट्टा आपला समजावा. मधला म्हणजे बेळगाव शहर आणि आसपासची गावं. हे शहर २५०० फुटांच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे उन्हाळ्यातसुद्धा रात्री जरा निवतात आणि हिवाळ्यात पहाटे चांगली थंडी पडते. पूर्वेचा म्हणजे अथणी, रायबाग, गोकाकचा बराच भाग. काळी माती, उन्हाळ्यात चाळिशीला टेकणारा पारा, आणि पाण्याची मोजामोज.

मधल्या पट्ट्यातल्यांना एक जास्तीचं काम आहे. शहराच्या पश्चिमेला हिंडलगा, उचगावकडे तांबडी माती, आणि आमच्या वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात काळी. म्हणजे शेजारच्या उपनगरातल्या मैत्रिणीचा सल्लाही तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

२. मातीच्या दोन परीक्षा, घरच्या घरी

पहिली पाण्याची. एक फूट खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसरं पाणी दोन-तीन तासांत जिरलं तर कुठलंही झाड लावायला मोकळे. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी उभं असेल, तर जमिनीत खड्डा करून झाड लावूच नका. ओटा करायचा, ते पुढे सांगते.

दुसरी चुन्याची. चमचाभर वाळलेली माती बशीत घ्या, वर थोडं व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे. चुनखडीच्या मातीत लोह असलं तरी झाडाला ते उचलता येत नाही. एक्झोरासारख्या झाडाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे मला माहीत नव्हतं. मी पिवळी पानं बघून शेणखत वाढवत होते, मग युरिया, मग एकाच्या सांगण्यावरून ताक. झाड बिचारं सगळं सोसत होतं.

नव्या घरांचा एक सापळा इथेच सांगून टाकते. गवंडी गेले की उरलेलं सिमेंट, गिलाव्याचे तुकडे, फुटक्या विटा पायाच्या बाजूलाच पुरतात आणि वर चार बोटं चांगली माती पसरतात. हिंडलग्याला माझ्या नणंदेकडे माती तांबडी, तरी भिंतीलगतची माती व्हिनेगर टाकल्यावर सोड्यासारखी उसळली. भिंतीपासून तीन फुटांपर्यंतची माती दीड फूट खणून बघा. राडा निघाला तर तो काढून टाका, नाहीतर त्या पट्टीत कण्हेर किंवा बोगनवेल लावा. त्यांना चालतं.

३. ऊन मोजा

सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता अंगणाचा फोटो काढा. रंगीत झुडपांपैकी बहुतेकांना रोज सहा तास ऊन लागतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला सरकतो आणि घराच्या उत्तरेची बाजू सावलीत जाते, हे उन्हाळ्यात जागा ठरवताना विसरायला होतं.

रात्रही बघा. माझी पॉइन्सेटिया मेली नाही, पण दोन वर्षं लाल झालीच नाही. कारण रस्त्यावरचा दिवा. या झाडाला ऑक्टोबरपासून रोज लांबलचक अखंड काळोख लागतो, तेव्हा कुठे डिसेंबरमध्ये पानं रंगतात. दिव्याखालून उचलून मागच्या दारी नेलं आणि त्याच हिवाळ्यात पेटल्यासारखं झालं.

४. आता झाड निवडा

काळ्या मातीत आणि पूर्वेच्या पट्ट्यात डोळे झाकून लावावं असं एक झाड म्हणजे शंकासूर. गुलमोहराचा धाकटा भाऊच जणू. लाल-पिवळी फुलं, पाणी कमी, माती कसलीही. बी गरम पाण्यात रात्रभर भिजवून टाकलं की उगवतं आणि वर्षा-दीड वर्षात फुलतं. काटे असतात, म्हणून वाटेच्या अगदी कडेला नको. नर्सरीवाले ते पुढे करत नाहीत, कारण पिशवीत ते काडीसारखं किरकोळ दिसतं.

बोगनवेल, म्हणजे कागदी फूल. तिचा रंग फुलांचा नसतोच. तीन रंगीत पानांच्या मधोमध जी इवली पांढरी नळी असते, ते खरं फूल. लाड केले की ती बिघडते. रोज पाणी आणि भरपूर खत दिलं की पाला वाढतो, रंग येत नाही. परतीचा पाऊस संपला की पाणी तोडायचं, पानं जरा मलूल होऊ द्यायची, मग थोडं पाणी द्यायचं. घाटाकडच्या लोकांनी तिला उतारावर किंवा मोठ्या कुंडीत लावावं. रंग जानेवारीनंतरच येईल, पण मग मेपर्यंत टिकेल.

कण्हेर सगळ्या मातीत येते, उन्हाळ्यात फुलते आणि तिला शेळ्या तोंड लावत नाहीत. लावत नाहीत याचं कारण ती विषारी आहे. पान, फूल, काडी, चीक, सगळं. पिवळ्या कण्हेरीची बी तर फारच घातक. घरात रांगतं मूल असेल किंवा गोठा लागून असेल तर कण्हेर लावू नका. छाटलेल्या फांद्या जनावरांपुढे टाकू नका आणि बंबात जाळू नका, धूरही वाईट. देवाला फुलं हवीत म्हणून सासूबाईंचा आग्रह होता. आम्ही ती परसात, विहिरीपलीकडे लावली.

टिकोमाला पिवळ्या घंटांचे घोस येतात. वाढ भराभर, बी पडून आपोआप रोपं उगवतात. शेंगा हिरव्या असतानाच कापा, नाहीतर दुसऱ्या वर्षी तुम्ही माझ्यासारखे टिकोमाच उपटत बसाल.

जास्वंद सगळ्यांनाच हवी असते. साधी देशी लाल घ्या. एकेक फूल एका दिवसाचं, पण वर्षभर येत राहतं आणि मंगळवारी, चतुर्थीला शोधाशोध नको. हातभर फुलांची हायब्रीड दिसायला देखणी, पण आमच्याकडे दोन पावसांत गेली. काळ्या मातीत जास्वंद ओट्यावरच लावायची.

तांबड्या मातीवाल्यांचं मात्र भाग्य थोर. एक्झोरा तुमचीच. काही जण तिला पेंटगूळ म्हणतात. कुंपणाला दोन-अडीच फुटांवर लावली की तिसऱ्या वर्षी भिंत तयार. हॅमेलियाही लावा. शेंदरी नळीसारख्या फुलांवर दिवसभर शिंजीर येतात, इवल्या वाकड्या चोचीचे ते पक्षी. सकाळी चहा घेऊन तिथे बसलं की उठवत नाही.

पण माझ्या मते खानापूरकडच्या लोकांनी नर्सरीआधी आपलं रान बघावं. जानेवारीपासून डोंगरउतारावर फांदीच्या टोकापर्यंत लाल दिसतं ते झुडूप म्हणजे धायटी. अरिष्टं-आसवं आंबवायला वैद्य जिची फुलं वापरतात तीच. खडकाळ जागेत, शून्य कौतुकात फुलते. आणि पावसाळ्यात हिरव्या गर्दीत एकच पांढरं पान चमकतं आणि त्याच्याशी नारिंगी चांदणी असते ते भूतकेस, म्हणजे नर्सरीतल्या गुलाबी मुसेंडाची आपली रानातली बहीण. मावशीच्या दारात दोन्ही आहेत आणि पाहुणे "कुठनं मागवलासा?" विचारतात. राखीव जंगलातून झाड उपटून आणू नका, ते बेकायदा आहे. गावात कुणाच्या बांधावर असेल तिथून बी किंवा काडी मागून घ्या.

अर्धी सावली असलेल्या पूर्वेच्या बाजूला अबोली. ती रोज ओलावा मागते, पण पाणी साचलं की मर लागते. निळा रंग फार थोड्या झुडपांत मिळतो. हवा असेल तर निळा चित्रक मागा, आकाशी झुबके येतात. आणि कोरांटी. पिवळी, जांभळट, पांढरी. वर्षभर कुणी ढुंकून बघत नाही, थंडी पडली की सगळं अंगण तिचं. पिवळीला काटे असतात.

जे लावू नये तेही सांगते. अझालियाला आपला उन्हाळा सोसत नाही. घाणेरी, तिला कुणी टणटणी म्हणतं, कितीही रंगीबेरंगी असो, लावू नका. पक्षी बिया नेतात, रान तिच्यानं भरतं, आणि जनावरांनी खाल्ली तर आजारी पडतात. खानापूरच्या जंगलाकडेला तर मुळीच नको.

५. नर्सरीत जाताना

कागदपत्रं काही लागत नाहीत. एक वही लागते, तिच्यात पट्टा, मातीच्या परीक्षांचा निकाल आणि उन्हाचे तास लिहिलेले. ती हातात असली की फुललेलं झाड बघून भुलायला होत नाही. निदान कमी होतं.

झाडांची कन्नड नावं पाठ करा. माळीकाम करणारे बरेच जण कन्नड बोलतात आणि पाटीवरही तीच नावं असतात. जास्वंद म्हणजे दासवाळ. कण्हेर म्हणजे कणगिले. अबोली म्हणजे कनकांबर. तगर म्हणजे नंदिबट्टल. शंकासूर म्हणजे रत्नगंधी. मी पहिल्यांदा "शंकासूर आहे काय?" विचारलं तेव्हा नर्सरीतल्या अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. दोन हातांवर तेच झाड उभं होतं.

रोप कुठून आलं ते विचारा. पुष्कळ झाडं आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याकडून ट्रकनं येतात, काथ्याच्या भुश्यात आणि हिरव्या जाळीखाली वाढलेली. वाईट नसतात, पण आणल्या दिवशी उन्हात लावली की कोमेजतात. आठवडाभर अर्ध्या सावलीत ठेवा, मग लावा. फलोत्पादन खात्याच्या, म्हणजे पाटीवर तोटगारिके इलाखे लिहिलेल्या, रोपवाटिकेतही चौकशी करा. गोकाकच्या बाजूच्यांना अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय जवळ आहे.

रोप पारखताना फुलं बघू नका, बूड बघा. पिशवीच्या भोकातून जाड मुळं बाहेर येऊन गोल फिरलेली असली तर ते जुनं आणि अडकलेलं. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, तो तुमच्या बाकीच्या जास्वंदीवरही जाईल. एका मोठ्या फुललेल्या कुंडीच्या पैशांत पाच-सहा लहान पिशव्या येतात. लहान घ्या.

६. कधी लावायचं

माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती. मृगात लावलं की आपोआप जगतं असं आपण ऐकत आलो. अथणी-रायबागला ते खरं आहे, तिथे पहिल्या चांगल्या पावसावर लावा. पण बेळगावात आणि त्याच्या पश्चिमेला पुनर्वसू-पुष्याचा, म्हणजे तरणा-म्हातारा पाऊस जुलैभर थांबायचं नाव घेत नाही. कोवळ्या मुळ्या पाण्यात कुजतात आणि वरून झाड हिरवंच दिसतं. ऊन पडलं की एका दिवसात माना टाकतं. या भागात मघा-पूर्वात, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये लावा. माती ओली असते, उघडीप असते, आणि थंडीपर्यंत मुळ्या धरतात. खड्डे मात्र मेमध्येच काढून ठेवा, पावसाळ्याच्या आधी. काळी माती भिजली की कुदळीला चिकटून जीव काढते.

७. खड्डा आणि ओटा

हाताशी ठेवा: कुदळ किंवा पहार, खुरपं, पाटी, छाटणीची कात्री, चांगलं कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड, वाळका पाला किंवा भुसकट, आणि बोगनवेलीसाठी जाड हातमोजे.

तांबड्या मातीत खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. निघालेल्या मातीत एक तृतीयांश शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून तीच माती परत भरा. शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, घेऊन येईल.

काळ्या मातीत, जिथे पाणी उभं राहिलं होतं, तिथे फूट-सव्वा फूट उंच ओटा करा. निम्मी काळी माती, बाकी तांबडी माती आणि शेणखत. कडेला दगड लावले की दिसतोही छान. काळ्या मातीत खोल खड्डा काढून त्यात भुसभुशीत माती भरू नका. भोवतालचं सगळं पाणी त्या खड्ड्यात येऊन बसतं, झाडासाठी हौदच तयार होतो.

पिशवी फाडून काढा. हसू नका, आमच्याकडे आलेल्या गड्यानं तीन झाडं पिशवीसकट पुरली होती आणि मी शेजारीच उभी होते. गोल फिरलेल्या मुळ्या बोटांनी मोकळ्या करा. झाड पिशवीत होतं तेवढंच मातीत जावं, खोड पुरू नये.

अंतराबाबत कंजुषी नको. बोगनवेल, टिकोमा, कण्हेरीला सहा फूट, जास्वंद-हॅमेलियाला चार ते पाच. पहिल्या वर्षी ओकंबोकं दिसतं. मधल्या जागेत झेंडू लावा, दसऱ्याला तोरणाला होईल.

८. पहिलं वर्ष

पाऊस संपल्यावर आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी, रोज चूळभर नव्हे. रोजच्या चूळभर पाण्यानं मुळं वरच राहतात आणि मेमध्ये भाजतात. शहरात जिथे नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, तिथे त्या दिवसाला झाडांचा वार बांधून टाका. बुंध्याभोवती पाल्याचं तीन बोटं आच्छादन द्या, पण खोडाला चिकटवू नका.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तर आधी मुंग्यांकडे बघा. त्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याला सांभाळतात. पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन काढा, मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर नीमतेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. आठवड्यानं पुन्हा, एकदा करून तो जात नाही.

छाटणीला भिऊ नका. जास्वंद, हॅमेलिया, टिकोमा नव्या फुटीवर फुलतात, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी तिसरा हिस्सा कापला की पावसात जोमानं फुटतात. बोगनवेल फुलांचा बहर संपला की कापा. कोरांटी फुलून झाल्यावर, फेब्रुवारीत. धायटीला कात्री लावायची तर फुलं गेल्यावर, पावसाच्या आधी.

९. दुसऱ्या वर्षीपासून विकत घेऊ नका

जास्वंद, बोगनवेल, कण्हेर, तगर, हॅमेलिया काडीवर येतात. मृगाच्या सुमारास पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी घ्या. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा, खालचं टोक डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या जागेच्या, खाली तिरकं कापा. वाळू आणि मातीच्या पिशवीत दोन डोळे पुरतील एवढी खोचून सावलीत, थेट पावसापासून आडोशाला ठेवा. दहांतल्या सहा-सात जगतात, बोगनवेलीच्या जरा कमी. ऑगस्टअखेर, लावायच्या वेळेला, त्या तयार असतात.

काड्या शेजारीपाजारी मागा, कुणी नाही म्हणत नाही. जाताना ओलं फडकं आणि एक पिशवी घेऊन जा. जांबोटीहून वडगावला येईपर्यंत माझी पहिली जुडी गाडीच्या डिकीत वाळून गेली होती.